इंजिनाचं पाणी

पावसाळ्यात आमची आई शुक्रवारी संध्याकाळीच भाजी, दूध आणि बीपीच्या गोळ्या आणून ठेवते. मग शनिवार-रविवार उंबरठा ओलांडायचा नाही. तब्येत ठणठणीत आहे हो, पण ती राहते लोणावळ्यात. एरवी बाजारात पायी जाऊन अर्ध्या तासात परत येणारी बाई. रविवारी मात्र पर्यटकांच्या गाड्यांमधून रस्ता ओलांडायलाच तेवढा वेळ लागतो.

मी गेली बावीस वर्षं पुण्यात, कोथरूडला. गाव कुठलं विचारलं आणि लोणावळा सांगितलं की समोरून एकच वाक्य येतं, "मज्जा आहे राव तुमची!" पूर्वी मी हसून सोडून द्यायचो. आता वय झालं म्हणा, पण सोडवत नाही.

आमचे आजोबा रेल्वेत गँगमन होते. भुशी डॅमला ते कधीच भुशी डॅम म्हणाले नाहीत, 'रेल्वेचं तळं' म्हणायचे. लहानपणी आम्ही तिकडे डुंबायला निघालो की ओरडायचे, "इंजिनाचं पाणी आहे ते, आंघोळीचं नाही!" तेव्हा वाटायचं, म्हातारा काहीही बोलतो. पुढे कळलं की ते अगदी अक्षरशः खरं बोलत होते. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. त्या घाटासाठी किती मजूर पटकीनं आणि अपघातांनी गेले, त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेलही इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि उरलेलं काम त्याची बायको अ‍ॅलिस हिने पुरं करून घेतलं. घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं ढिगानं. त्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं भुशीचा बांध घातला.

म्हणजे तुम्ही ज्या पायऱ्यांवर बसून मक्याचं कणीस खाता, तो धरणाचा सांडवा आहे. धरण भरलं की जास्तीचं पाणी जायची वाट. ती माणसांना बसण्यासाठी कुणीच बांधली नव्हती. 1930 च्या आसपास घाटात विजेची इंजिनं आली, तळ्याचं मूळ काम संपलं आणि पुढे कधीतरी त्याचं वॉटर पार्क झालं.

वलवणचंही तेच. टाटांनी 1910 मध्ये जलविद्युत कंपनी काढली, वलवण आणि शिरवत्याला धरणं बांधली, पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि 1915 पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. यातली गंमत बघा. वलवणचं धरण इंद्रायणीवर आहे. ती उगवते आमच्या कुरवंड्याजवळ. जे पाणी देहू-आळंदीला जायचं, त्यातलं बरंचसं उलट्या दिशेनं कोकणात उतरलं. आषाढीला दिंडीबरोबर चालणारी आमची आत्या म्हणायची, "माउलींच्या वाटचं पाणी खोपोलीला गेलं." (शेजारच्या मुळशीत अशाच धरणासाठी गावं उठवली, तेव्हा 1921 मध्ये सत्याग्रह झाला. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.)

थोडक्यात, आमच्याकडची ही पाणी रेल्वेसाठी नाहीतर गिरण्यांसाठी अडवलेली. आता ती तुमच्या रीलसाठी आहेत. तक्रार करत नाहीये. चिक्कीवर, बंगल्यांवर, रिक्षांवर गावातली कितीतरी घरं चालतात आणि चिक्की म्हणजे तरी काय, आपली साधी गूळदाणीच. गिऱ्हाईक रेल्वेनंच आणलं. पण "आम्ही येतो म्हणून तुमची पोटं भरतात" हे वाक्य गेल्या वर्षी एका गाडीवाल्यानं माझ्या तोंडावर फेकलं. त्याची गाडी आमच्या फाटकासमोर आडवी लावलेली होती आणि मला आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं.

त्याला सांगायला हवं होतं, एकदा बुधवारी ये. सकाळची पुणे लोकल पकड. मळवली-कामशेतला दुधाच्या कॅन चढतात, त्यांच्या कडा नडगीला लागतात. पासवाल्यांची जागा ठरलेली, डबे ठरलेले, भांडणंही ठरलेली. चिंचवडला कंपन्यांवाले उतरले की डबा निम्मा रिकामा. माझं अर्धं शिक्षण त्या लोकलमध्ये झालं. या गावात 1924 पासून कैवल्यधाम आहे, स्वामी कुवलयानंदांनी योगाला प्रयोगशाळेत नेलं ते इथे. 1945 पासून नौदलाचं प्रशिक्षण केंद्र आयएनएस शिवाजी आहे. आमच्या वर्गात दर वर्षी नेव्हीची नवी पोरं यायची, त्यामुळे आम्ही मराठी शाळेतली मुलं चार भाषांत शिव्या शिकलो. यातलं काहीच धबधब्याच्या फोटोत येत नाही.

30 जून 2024. रविवार. भुशीच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं. व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. एकमेकांना धरून उभी असलेली माणसं. मी तो पुन्हा पाहिलेला नाही. शोधायला कोण उतरलं? पोलीस आणि नौदलाच्या पाणबुड्यांबरोबर 'शिवदुर्ग मित्र' या बचाव पथकाची पोरं. गावातलीच, दुकानं-नोकऱ्या सांभाळणारी. फोन आला की दोर घेऊन निघतात. डोंगरात पाऊस कोसळला की इथलं पाणी काही मिनिटांत चढतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. बाहेरच्याला सांगावं लागतं आणि सांगणारं तिथे कुणी नसतं.

मग मनाई आदेश निघाले. पुढच्या आठवड्यात भजी-कणसाच्या टपऱ्या रिकाम्या, आणि ज्यांना घुसायचं ते मागच्या पायवाटेनं गेलेच. मला बंदी पटत नाही. बंदीत गरिबाची टपरी आधी उठते. मला वाटतं, पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी गाड्या गावाबाहेरच थांबवाव्यात आणि तिथून बस सोडाव्यात. ठरावीक माणसं आत गेली की पुढची थांबवावीत. आणि सांडव्याजवळ मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावं की हे धरण कुणी, कशासाठी बांधलं आणि पाणी कुठून कसं येतं. 'धोका' लिहिलेल्या पाट्यांशेजारी उभं राहून लोक सेल्फी काढतात, त्या पुरे झाल्या. आमच्या गावातले काही धंदेवाले मित्र यावर चिडतील. चिडू देत.

काल रात्री आईचा फोन होता. "भुशी वाहायला लागलं रे," म्हणाली. ऑफिसच्या ग्रुपवर हीच बातमी सकाळी टाळ्यांच्या इमोजीसकट आली. आईनं मात्र पुढच्याच वाक्यात सांगितलं, की या शुक्रवारी दुधाच्या दोन पिशव्या जास्त घेणार आहे.