साप दिसत नाहीये, कारण तो सुखात आहे

गेल्या आठवड्यात आमच्या पाळीव सापाच्या, चकलीच्या, घराचा फोटो टाकला, तर जवळजवळ प्रत्येकाने एकच विचारलं. साप कुठाय? एका मैत्रिणीने लिहिलं, "अगं, ही तर अडगळीची खोली वाटतेय." मावसबहीण म्हणाली, "एवढी मोठी काचेची पेटी घेतलीस आणि आत नुसता पाचोळा कोंबलायस. हलायला तरी जागा ठेव तिला." दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण ह्याच प्रश्नापायी ऑक्टोबरात आमच्या घरी तीन आठवडे कुणाला धड झोप नव्हती, म्हणून नीट लिहिते.

फोटोत चकली दिसत नाही. आणि ती दिसत नाही म्हणूनच मी निश्चिंत आहे.

चकली म्हणजे बॉल पायथन. घाना, टोगो, बेनिन ह्या पश्चिम आफ्रिकेच्या पट्ट्यातला छोटा अजगर. बिनविषारी. घाबरला की डोकं मधे घेऊन स्वतःचा घट्ट चेंडू करतो, म्हणून हे नाव. वेटोळं बघून लेकाने तिचं नाव चकली ठेवलं. आमच्याकडे ओहायोत आली तेव्हा दोन महिन्यांची होती आणि वजन ६८ ग्रॅम. मोठं लिंबू असतं ना, तेवढी. पूर्ण वाढल्यावर चार-साडेचार फूट होईल.

लेक दोन वर्षं मागे लागला होता. मी दोन अटी घातल्या होत्या: पिल्लू पाळलेल्या सापांचंच असलं पाहिजे, आणि आधी सगळं वाचायचं. पहिली अट मी आजही कुणालाही घालीन. आफ्रिकेतून अजूनही रानातल्या गाभण माद्या आणि अंडी गोळा करून, पिल्लं उबवून बाहेर पाठवली जातात, आणि ही जात आता संकटाच्या उंबरठ्यावरच्या यादीत आहे. दुसरी अट आम्ही पाळली असं वाटत होतं. तरीही चुकलो.

दुकानातून सगळं सामान एकत्र घेतलं होतं. तीन फुटी काचेची टँक, वर जाळीचं झाकण, लाल दिवा, विजेवर तापणारा दगड, काचेला चिकटवायची दोन घड्याळासारखी मीटरं, प्लास्टिकचं एक झाड आणि अर्धा कापलेला ओंडका, दोन्ही बाजूंनी उघडा. मांडून झाल्यावर इतकं छान दिसत होतं! सोफ्यावर बसलं की चकली कुठूनही दिसायची. आम्ही तिघं चहा घेऊन तिच्यासमोर बसायचो. लेक शाळेतून आला की आधी तिला हातात घ्यायचा, मग दप्तर ठेवायचा.

आणि ती खात नव्हती.

पहिला आठवडा आम्ही म्हटलं, नवी जागा आहे. दुसऱ्या आठवड्यात उंदराचं पिल्लू चिमट्यात धरून तिच्या तोंडासमोर नेलं, तर तिने डोकं मागे घेऊन वेटोळ्यात लपवलं. तिसऱ्या आठवड्यात किचनच्या काट्यावर वजन ६४ भरलं. लेक रात्री रडला. इंटरनेटवर कुणी सांगत होतं जबरदस्तीने भरवा, कुणी म्हणत होतं जिवंत उंदीर सोडा. ते दोन्ही केलं नाही, ह्याबद्दल मी देवाचे आभार मानते. जिवंत उंदीर उलटून चावतो, आणि न खाणाऱ्या सापाला तो फार वाईट जखमा करतो.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरबाईंनी चकलीचं तोंड पाहिलं, श्वासाचा आवाज ऐकला, आणि म्हणाल्या, घराचा फोटो दाखवा. फोटो बघून त्यांनी विचारलं, "हिला लपायला कुठे आहे?" मी ओंडका दाखवला. त्यांनी हळूच मान हलवली.

त्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते असं. हा साप रानात दिवस उंदरांच्या बिळात आणि वारुळात काढतो. अंधारात, जिथे पाठीला आणि दोन्ही कुशींना माती लागते. बाहेर पडतो तो अंधार झाल्यावर. ६८ ग्रॅमचं पिल्लू तर कुठल्याही पक्ष्याचा घास. अशा जिवाला आम्ही चारही बाजूंनी काच असलेल्या उघड्या माळावर ठेवलं होतं, आणि समोर तीन राक्षस चहा पीत बसले होते. तिला क्षणभरही निर्धास्त वाटलं नसेल. घाबरलेला साप खात नाही, कारण पोटात घास असताना पळणं अवघड.

घरी येऊन सगळं उपसलं. टँकच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावला. दोन सारख्याच बंद डबी-घरं घेतली, एकच भोक असलेली आणि इतकी लहान की वेटोळं आत घट्ट बसावं. एक उबेच्या बाजूला, एक थंड बाजूला. दोन का, हे समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. लपायची जागा एकच असेल तर पिल्लाला निवड करावी लागते, ऊब हवी की आडोसा. आणि ते नेहमी आडोसा निवडतं. मग ते थंड कोपऱ्यात दडून बसतं, अन्न पचवण्याइतकं अंग तापत नाही, आणि आपण म्हणतो साप आजारी आहे. मधल्या जागेत बुचाच्या झाडाची सालं, एक आडवी फांदी आणि भरपूर वाळका पाचोळा टाकला. ह्या टोकाकडून त्या टोकाला जाताना ती कुठेही उघडी पडू नये इतका. खाली नारळाच्या सोडणाचे तुकडे. देवदार-पाइनचा भुसा दुकानात मिळतो आणि वासही छान येतो, पण त्यातलं तेल सापाला बाधतं.

बरेच जण म्हणतात पिल्लाला लहान डब्यातच ठेवा, मोठी जागा सोसत नाही. साप पैदास करणारे लोक एकावर एक प्लास्टिकचे चपटे खण रचून त्यांत पिल्लं ठेवतात, आणि तिथे ती खातातही. पण माझं मत ठाम आहे. पिल्लू मोठ्या जागेला घाबरत नाही, रिकाम्या जागेला घाबरतं. तीच तीन फुटी टँक, तीच चकली. आज रात्री दहानंतर ती फांदीवर चढते, पाचोळ्यातून फिरते, पाण्याच्या भांड्यात तोंड बुडवून पिते. खणात तिला हे काहीच करता आलं नसतं. खण माणसाच्या सोयीचे आहेत.

तापणारा दगड त्याच दिवशी कचऱ्यात गेला. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळेलच असं नसतं. भाजत असतानाही ते तिथेच पडून राहतात. आता छताला सिरॅमिकचा हीटर आहे, उजेड न पाडता ऊब देणारा, आणि त्याला जाळीची टोपी. उबेच्या बाजूची जमीन ३२ अंश सेल्सिअस, थंड बाजू २६. मधे ती हवी तशी सरकते. काचेवरची मीटरं काचेचंच तापमान सांगत बसतात. कोविडमध्ये कपाळावर धरायचे तशी गन मी विकत घेतली आणि जमिनीचं तापमान मोजते.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे तापमान बघून हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्राबद्दल, एक प्रसंग सांगायलाच हवा. नोव्हेंबरात एका रात्री त्याच्या वायरचं टोक, जे तापमान वाचतं, ते निसटून थंड कोपऱ्यात पडलं. यंत्राला वाटलं थंडी आहे, म्हणून हीटर पूर्ण जोरात सुरू राहिला. सकाळी गन लावली तर हीटरखालची जमीन ४६. चकली लांबच्या डबीत होती म्हणून वाचली. माझे हात थरथरत होते. आता ते टोक प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधलंय आणि रोज सकाळी मी हात लावून बघते. चिकटपट्टी मात्र टँकच्या आत कधीही लावू नका. ती सुटली आणि पिल्लाला चिकटली तर सोडवताना खवले निघून येतात.

इथल्या हिवाळ्याने आणखी एक धडा दिला. घरातली हीटिंग सुरू झाली की हवा अशी कोरडी होते की ओठ फुटतात. टँकमधली आर्द्रता २२ टक्क्यांवर आली होती, आणि तिला हवी साठच्या आसपास. जाळीच्या झाकणातून सगळी वाफ निघून जायची. चकलीचे डोळे निळसर दुधी झाले, म्हणजे कात टाकायची वेळ आली, आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघाली. शेपटीच्या टोकाला चिकटून राहिली. ओढून काढायचा मोह होतो. ओढू नका, डोळ्यावरची तर मुळीच नाही. ओलसर शेवाळ भरलेल्या डबीत ती एक रात्र राहिली आणि कात आपोआप सुटली. मग झाकणाचा बराच भाग बाहेरून फॉइलने झाकला, सोडणाचा खालचा थर ओला आणि वरचा कोरडा ठेवला. नुसतं वरून पाणी फवारत राहिलं आणि ऊब कमी पडली तर छाती भरते, नाकातोंडाशी बुडबुडे येतात. तसं दिसलं तर घरगुती उपाय नकोत, सरळ डॉक्टर. डिसेंबरातली कात डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध निघाली. ती मी वहीत जपून ठेवली आहे.

तर ऑक्टोबरात घर बदलल्यावर डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, पाच दिवस हात लावायचा नाही. पाणी बदला आणि निघून जा. हे लेकाला आणि मलाही सगळ्यात जड गेलं. आपली माया हाताने आणि ताटाने व्यक्त होते. जवळ घ्यायचं, जेवलास का विचारायचं. इथे माया म्हणजे दार बंद ठेवून बसणं.

सहाव्या रात्री दिवे मालवले. उंदराचं पिल्लू फ्रीजरमधून काढून आधी फ्रिजमध्ये वितळवलं, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवलं, कारण ह्या सापाच्या ओठांवर ऊब ओळखणारे खळगे असतात आणि थंड उंदीर त्याला उंदीर वाटतच नाही. मायक्रोवेव्ह अजिबात नाही. लांब चिमट्याने डबीच्या तोंडाशी धरलं. जीभ बाहेर आली. एकदा, दोनदा. डोकं स्थिर झालं. आणि मग काय झालं ते डोळ्यांना दिसलंच नाही, फक्त चिमट्याला झटका बसला. तीन वेटोळी. लेकाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला.

सासूबाई तेव्हा इथेच होत्या. शुद्ध शाकाहारी, नागपंचमीला विळीसुद्धा न धरणाऱ्या. उंदरांसाठी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीजर घेतला होता, तरी मला धाकधूक होती. त्या म्हणाल्या, "अगं, त्याचं अन्न ते त्याचं अन्न. आणलंयत ना घरात, मग उपाशी ठेवू नका." ज्यांना मेलेला उंदीर हातात धरणं जमणार नाही त्यांनी साप आणू नये. त्यात कमीपणा काही नाही, पण आणायच्या आधी ठरवा. आणि हात धुणं. आधी आणि नंतर, साबणाने, प्रत्येक वेळी. सापाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात मी चकली देत नाही, कोणाचंही मूल असो.

पुण्याचा भाचा विचारतोय, मावशी, मीही आणू का? तुला इथेच सांगते, बाळा. आपला अजगर १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला घरात ठेवणं गुन्हा आहे. उसात सापडला तर वनखात्याला कळवायचं. बॉल पायथन परदेशी असला तरी २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनुसार त्याची नोंदणी बंधनकारक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पाकिटांतून बॉल पायथन निघाले होते. बिस्किटांच्या पाकिटातून! कुणी स्वस्तात देतोय म्हणाला तर ते पाकीट आठव. साप बघायचेच असतील तर कात्रजला जा. लहानपणी आम्ही तिथे अजगराच्या काचेवर टकटक करायचो, हलावा म्हणून, आणि हलला नाही की हिरमुसायचो. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

आणि एक विचार कर. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका बॉल पायथन मादीने २०२० मध्ये अंडी घातली, साठी उलटल्यावर. घरातले वीस-तीस वर्षं सहज जगतात. लेक पाच वर्षांत कॉलेजला जाईल. चकली माझ्याकडे राहणार हे आम्ही आत्ताच बोलून ठेवलंय.

काल तिचं वजन ११८ ग्रॅम भरलं. परवाच जेवलीय, त्यामुळे अजून दोन दिवस तिला कोणी उचलणार नाही. शनिवारी जे येणार आहेत त्यांनी साडेनऊनंतर या. दिवे मंद असतील, काचेवर टकटक करायची नाही, आणि बसायचं ते सोफ्यावर, जरा लांब. दिसली तर दिसली.