‘उलटी फिरवलेली रेषा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्प्रिंगला टांगलेल्या वजनावरून तिच्या ताणाचा, म्हणजे ती किती लांबते याचा, अंदाज बांधणाऱ्या समाश्रयण रेषेवरील (नोंदींच्या बिंदूंमधून काढलेल्या सर्वांत जुळत्या सरळ रेषेवरील) माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत: ताणावरून वजन काढताना मी तीच रेषा उलटी फिरवली, नोंदी पाचच घेतल्या आणि 2 किलोसाठीही ताण सांगून टाकला. पहिल्या आक्षेपाला आपण ‘हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते’ अशी पुस्ती जोडली आहे. आक्षेपाचे मी स्वागत केले असते. या पुस्तीचे करता येत नाही. उपकरणांच्या अंशशोधनात, म्हणजे ज्ञात मापांशी ताडून त्यांचे आकडे ठरवण्यात, माझी बावीस वर्षे गेली आहेत आणि विद्यार्थ्याला काय कळते, हे मला त्याच्या शेजारी बसून पाहावे लागले आहे.

एक चूक मात्र कबूल करतो. तक्त्यात तिसऱ्या नोंदीचा अवशेष (मोजलेला ताण वजा रेषेने सांगितलेला ताण) वजा 2 छापला गेला होता; तो अधिक 2 हवा होता.

आता रेषेबद्दल. ‘क्ष’वरून ‘य’ची रेषा आणि ‘य’वरून ‘क्ष’ची रेषा या दोन वेगळ्या रेषा असतात, हे मला ठाऊक नाही असे आपण गृहीत धरलेत. पहिली उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान करते, दुसरी आडव्या अंतरांच्या, आणि दोन्ही सरासरीच्या बिंदूत छेदतात. समाश्रयणाची कल्पना मांडणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 साली आईवडिलांच्या सरासरी उंचीवरून मुलांच्या उंचीचा उतार दोन तृतीयांश दिला, पण उलट दिशेचा उतार दीडपट नव्हे, तर एक तृतीयांश भरला. तिथे मुलांवरून आईवडिलांकडे जायला पहिली रेषा उलटवणे चूकच ठरेल, कारण दोन्ही उंच्या निसर्गाने दिलेल्या होत्या.

माझ्या प्रयोगात तसे नव्हते. 100, 200, 300, 400 आणि 500 ग्रॅम ही वजने मी स्वतः ठरवून लावली. ताण 21, 39, 62, 79 आणि 99 मिलिमीटर आले. चूक शिरली ती ताण मोजताना, वजनात नव्हे. अशा वेळी वजनावरून ताणाची रेषा काढून तीच उलटी वाचणे, हीच अंशशोधनाची रूढ पद्धत आहे. ती रेषा अशी: ताण = 1.2 + 0.196 × वजन. ताण 90 असेल तर ती उलटवून वजन सुमारे 453.1 ग्रॅम येते. आपल्या आग्रहाप्रमाणे दुसरी रेषा काढली तर सुमारे 452.8. म्हणजे एवढ्या आवाजामागे फरक आहे पाव ग्रॅमचा! सहसंबंध गुणांक (बिंदू सरळ रेषेच्या किती जवळ आहेत याचे माप; 1 म्हणजे अगदी रेषेवर) 0.999 असताना दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसणारच, तो 0.5 असता, तर मीही आपल्याइतकाच आवाज चढवला असता. आकडे लेखातच होते. तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटे बसला असतात, तर ती पुस्ती लिहायची वेळ आली नसती.

नोंदी पाचच का, याचे उत्तर सोपे आहे: वाचकाला हाताने बेरीज करून पाहता यावी म्हणून. 2 किलोच्या अंदाजाबद्दल आपण बरेच लिहिले आहे. स्प्रिंगच्या स्थितिस्थापकतेची मर्यादा, म्हणजे किती ताणल्यावर ती पूर्ववत होत नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि त्यात आत्ता शिरण्याची मला गरज वाटत नाही. तक्त्यातील वजाचे चिन्ह आज दुरुस्त केले आहे.