सहल सप्टेंबरमध्ये काढावी, असे मला का वाटते

16 जूनला शाळा सुरू झाली. त्याआधीच्या आठवड्यात घर आवरताना एसटीच्या तिकिटांची एक चळत हाती लागली. जून 2024 ते मे 2025 या एका शैक्षणिक वर्षात मी जेवढा प्रवास केला, तेवढा आधीच्या सगळ्या आयुष्यात मिळून केला नव्हता. डी.एड.ला आम्ही सात मैत्रिणी एका खोलीत राहत होतो. त्यांपैकी तिघींची लग्ने या एका वर्षात झाली, आणि तिघी महाराष्ट्राच्या तीन टोकांना. 2024 च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोघेही अस्तंगत असल्याने त्या उन्हाळ्यात मुहूर्त जवळजवळ नव्हतेच, म्हणून लांबलेली लग्ने या वर्षी एकापाठोपाठ आली. शिक्षणसेवकाच्या 16,000 रुपये मानधनात हा प्रवास झेपला, त्याला 2023 पासून महिलांना मिळणारे अर्धे तिकीट कारणीभूत आहे, हे मला कृतज्ञतेने नोंदवावेसे वाटते.

मी मूळची सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातली, म्हणजे ऊसपट्ट्यातली. नोकरी मात्र बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्याच्या डोंगरातल्या जिल्हा परिषद शाळेत करते. या दोन गावांमध्ये एक रस्ता आहे, आणि त्या रस्त्याने दरवर्षी माझ्याआधी माझ्या वर्गातली मुले ऊसतोडीला निघालेल्या आईवडिलांबरोबर जातात. ही गोष्ट मला नेमणुकीपासून माहीत होती, पण तिचा अर्थ मला या वर्षी कळला, म्हणून हे लिहीत आहे.

विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला होते. 19 तारखेला साहित्य ताब्यात घेऊन आम्ही केंद्रावर मुक्कामाला गेलो आणि 20 च्या मध्यरात्रीनंतर मोकळे झालो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कणकवलीजवळच्या लग्नासाठी निघाले, तेव्हा गावाच्या वेशीवर दोन ट्रक भरून उभे होते. भांडी, पत्र्याच्या पेट्या, शेळ्या, कडब्याच्या पेंढ्या आणि या सगळ्यावर बसलेली मुले. साखर कारखान्यांच्या गाळपाला 15 नोव्हेंबरपासून परवानगी मिळाली होती, परंतु आमच्या गावातील ऊसतोडीच्या काही टोळ्या मतदानासाठी थांबल्या होत्या आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाने आता घाई लावली होती. त्या मुलांपैकी अकरा माझ्या वर्गातली होती. मी खांद्याला बॅग लावून, लग्नाची साडी घडी करून घेऊन उभी होते आणि त्यांनी मला हात केला. मी त्या आधीच शिक्षण हमी पत्रके भरून त्यांच्या आईवडिलांच्या हातात दिली होती. जिथे जाल तिथल्या शाळेत हा कागद दाखवा, तिथे मुलाला बसवून घेतील, असे प्रत्येकाला दोन-दोनदा सांगितले होते. माझे कर्तव्य पूर्ण झाले आहे, असे मला त्या क्षणी खरोखर वाटले होते.

कोकणातले लग्न सुंदर झाले. फोंडा घाट उतरताना हवा बदलते, मातीचा रंग बदलतो, आणि घराच्या कौलांचा उतारसुद्धा पावसाच्या हिशेबाने बदललेला दिसतो. लग्नाआधी गावातल्या एका वयस्कर गृहस्थांनी देवाला गाऱ्हाणे घातले आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्या सर्वांनी ‘होय महाराजा’ म्हटले. परत आल्यावर मी हे सगळे वर्गात सांगितले. डोंगर, घाट आणि समुद्र हे पाठ्यपुस्तकातले शब्द त्या दिवशी मुलांना जवळचे वाटले. शिक्षकाने प्रवास करावा, असे मी नेहमी म्हणते ते यासाठीच. ‘तुम्हाला काय, सुट्ट्याच सुट्ट्या’ असे ऐकवणाऱ्यांना मी नम्रपणे एवढेच सांगेन की शिक्षकाची सुट्टी चांगली गेली, तर तिचा वाटा वर्गाला मिळतो. मात्र त्या दिवशी ऐकायला वर्गात निम्मी मुले नव्हती.

जानेवारीत शाळेची सहल निघाली. देवगिरीचा किल्ला आणि वेरूळ. एसटीने शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत दिल्यामुळे आमच्यासारख्या शाळेला ती शक्य होते. पटावर तिसरी-चौथीची मिळून 41 मुले, आणि गाडीत त्यांपैकी 19. कैलास लेण्यासमोर उभे राहून, हे देऊळ वरून खाली कोरत आणले आहे, असे मी सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, “मॅडम, पुन्हा येऊ ना, ते सगळे आल्यावर?” मी हो म्हटले. पुन्हा सहल निघणार नाही हे मला माहीत होते, आणि मी खोटे बोलले याचे मला अजून वाईट वाटते.

पौष संपल्यावर, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या मैत्रिणीचे लग्न होते, माझ्याच वाळवा तालुक्यात. तिकीट आदल्या महिन्यातच सुमारे 15 टक्क्यांनी वाढले होते. जामखेड, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर, सांगोला, मिरज, असा हा रस्ता. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हळदीच्या घरी चालत जात असताना कालव्याच्या कडेला कोप्या दिसल्या. उसाच्या पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या त्या झोपड्या मी लहानपणापासून पाहत आले आहे. आमच्या विहिरीवर पाणी न्यायला त्यांची मुले येत. मी त्यांच्याच वयाची होते, परंतु तू कुठल्या गावची, एवढा साधा प्रश्नही मी त्यांच्यापैकी कोणाला कधी विचारला नाही. आमच्या घरात, गावात, शाळेत कोणीच विचारत नव्हते. ‘ऊसतोडीची पोरे’ एवढे एकच नाव त्या सर्वांना पुरत होते.

त्या संध्याकाळी एका कोपीसमोरून हाक आली, “मॅडम!” माझ्या तिसरीच्या वर्गातली मुलगी होती. कडेवर लहान भाऊ, समोर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या रचलेल्या. “मॅडम, तुम्ही इकडं कशा?” असे तिने विचारले. मी म्हटले, हे माझे गाव आहे. ती जराशी थांबली आणि म्हणाली, “मग आम्ही तुमच्याच गावचा ऊस तोडायलोत की.” तिने हे आनंदाने म्हटले होते. ओळखीचे माणूस भेटल्याचा तो आनंद होता. मला मात्र उत्तर सुचले नाही.

हमी पत्रक कुठे आहे, असे मी विचारले. तिने पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेला कागद आणून दाखवला. तो कोणाला दाखवलाच नव्हता. शाळा तीन किलोमीटरवर होती, आईवडील पहाटे चारला उसाच्या फडात जात आणि भावाला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. तिच्या आईने ओशाळून सांगितले की गावाकडे हंगामी वसतिगृह आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण लहानग्याला कोणाजवळ ठेवणार, म्हणून मुलीला आणावेच लागले. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि त्या कोयत्याच्या नावावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली. एकीने घरी थांबायचे म्हटले तर अर्धा कोयता कोणी घेत नाही. या हिशेबात मुलीचे शिक्षण कुठे बसवायचे, याचे उत्तर त्या माऊलीकडे नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. शिक्षण हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, त्याआधी कारखान्यांच्या परिसरात या मुलांसाठी साखरशाळा चालत. कायद्याने या मुलांना नियमित शाळेत जागा दिली ही मोठी गोष्ट आहे. परंतु जागा देणे आणि कोपीपासून त्या जागेपर्यंत मुलाला पोहोचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम आपण एका कागदावर सोपवून दिले आहे. मीसुद्धा तेच केले होते.

या वर्षी हंगाम लवकर आटोपला आणि मार्चमध्ये मुले परत येऊ लागली. एरवी परत आलेल्या मुलाला आम्ही पहिल्या दिवशी काय विचारतो? किती दिवस बुडाले, काय विसरलास, पाढे येतात का. या वेळी मी महाराष्ट्राचा नकाशा फरशीवर पसरला आणि तुम्ही कोणत्या रस्त्याने गेलात, असे विचारले. पहिला तास सगळी गप्प होती. मग एकाने भीमेवरचा पूल सांगितला, कारण तिथे ट्रक थांबवून सर्वांनी पाण्यात पैसे टाकले होते. दुसऱ्याने सांगितले की कृष्णेच्या काठची माती काळी असते आणि ओली झाली की बैलाचा पाय निघत नाही. गाडीत किती मोळ्या बसतात, वाढ्याची पेंढी किती रुपयांना जाते आणि दिवसाच्या किती होतात, हे ती मुलगी तोंडी सांगत होती. भागाकारात मागे, असा शेरा मी तिच्या नोंदीत लिहिलेला होता. आम्ही लाल दोऱ्याने ते रस्ते नकाशावर लावले. गावात राहिलेल्या मुलांनी आपला वेरूळचा रस्ता निळ्या दोऱ्याने लावला, आणि लाल दोरे निळ्याच्या दुपटीहून लांब निघाले.

मे महिन्यात तिसरे लग्न वर्ध्याला झाले. ऊन इतके होते की वरात संध्याकाळी उशिरा निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेवाग्रामला गेले. गांधीजी 1936 मध्ये त्या गावात राहायला आले आणि 1937 च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी नई तालीमचा विचार मांडला, की मुलाचे शिक्षण हाताच्या कामातून व्हावे. बापू कुटीच्या मातीच्या भिंतीपाशी मी बराच वेळ बसून राहिले. माझ्या वर्गातल्या मुलांचे हात तर आठव्या वर्षापासून काम करत आहेत. पण सूत कातणाऱ्या मुलाशेजारी शिक्षक असतो आणि वाढे बांधणाऱ्या मुलीशेजारी कोणी नसते. म्हणून कोपीतल्या त्या दिवसांना मी अनुभवाचे शिक्षण असे गोड नाव देणार नाही. त्या मुलीने त्या वयात तिथे असू नये, यावर मी ठाम आहे. मात्र ती तिथे होती हे खरे असेल, तर तिने पाहिलेल्या नद्या, केलेले हिशेब आणि शिकलेले शब्द वर्गात मोजले गेलेच पाहिजेत, केवळ तिचे बुडालेले दिवस मोजून चालणार नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. ज्या गावांतून टोळ्या निघतात, त्या गावांच्या शाळांनी सहल, स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा दसऱ्याच्या आत घ्याव्यात. हिवाळ्यात सहल काढण्याची पद्धत ज्यांची मुले हिवाळ्यात घरी असतात त्यांच्या सोयीची आहे. पावसामुळे सप्टेंबरमध्ये अडचण येते, हे मला मान्य आहे, पण आमच्याच पाटोदा तालुक्यातला सौताड्याचा धबधबा पाहायचा तर पावसाळ्यासारखा दुसरा काळ नाही. दुसरे असे की हमी पत्रक दिल्यावर त्या मुलाच्या नव्या गावातील शाळेला आम्ही शिक्षकांनी स्वतः फोन करावा. मी ऊसपट्ट्यातली असल्यामुळे माझ्या माहेरच्या परिसरातल्या सहा शाळांच्या मुख्याध्यापकांचे क्रमांक मी मे महिन्यातच घेऊन ठेवले आहेत. त्यांतल्या दोघांनी कोप्यांवर स्वतः जाऊन मुले आणण्याचे कबूल केले आहे.

सहलीचा अर्ज मी शाळा उघडली त्याच दिवशी मुख्याध्यापक सरांकडे दिला. त्यांनी तो वाचला, पावसाचे काय, असे विचारले, आणि मग पटाची वही मागवून घेतली. ती मुलगी आता चौथीत आहे. नकाशा अजून भिंतीवर आहे, आणि सौताड्याचा दोरा कोणत्या रंगाचा घ्यायचा यावर वर्गात सध्या वाद चालू आहे.