यूस्टन रोडवरचे ते रुग्णालय कोणी मारले नाही

लंडनच्या यूस्टन रोडवरील एका जुन्या लाल विटांच्या इमारतीचे छायाचित्र आणि त्याखाली पाच-सहा वाक्ये, असा एक मजकूर मराठी मंडळींमध्ये बरेच दिवस फिरतो आहे. त्याचा आशय असा : राणी व्हिक्टोरियाच्या कृपेने उभे राहिलेले हे जगातील पहिले स्त्री-रुग्णालय, आपल्या आनंदीबाई जोशी येथेच शिकल्या, पुढे एका कामगार संघटनेने ते बळकावले आणि बंद पाडले, आता तेथे तसबिरी मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवतात, म्हणजे चालते रुग्णालय मारून त्याचे स्मारक केले. शेवटचे वाक्य चटका लावणारे असल्यामुळे लोक मजकूर पुढे धाडतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्यातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे, आणि ज्या एका गोष्टीबद्दल खरोखर हळहळ वाटावी ती मजकूर लिहिणाऱ्याच्या ध्यानातही आलेली दिसत नाही.

‘जगातील पहिले’ हा दावा चटकन निकालात काढता येतो. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेले रुग्णालय एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी न्यूयॉर्कमध्ये १८५७ सालीच सुरू केले होते, आणि बॉस्टनमध्ये तसेच दुसरे रुग्णालय १८६२ मध्ये निघाले. लंडनचे रुग्णालय त्यानंतरचे. त्यामुळे त्याचे मोल उणावत नाही. ‘पहिले’ म्हटल्याशिवाय कशालाच महत्त्व द्यायचे नाही ही आपली खोड मात्र यातून दिसते.

राणीच्या कृपेचे म्हणाल, तर वस्तुस्थिती जवळपास उलटी आहे. मुलींनी मुलग्यांच्या बरोबरीने वैद्यक शिकावे ही कल्पना व्हिक्टोरिया राणीला मुळीच रुचत नव्हती, आणि स्त्री-हक्कांच्या चळवळीविषयीचा तिचा तिटकारा १८७० च्या तिच्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसतो. १८८९ मध्ये यूस्टन रोडच्या इमारतीची कोनशिला बसवली ती तिच्या सुनेने, म्हणजे युवराजपत्नी ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ हिने, आणि तोवर संस्था वीस वर्षांहून अधिक काळ स्वतःच्या बळावर चालत आलेली होती.

ती चालवणाऱ्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी वैद्यकीत प्रवेश कसा मिळवला, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. १८६० मध्ये त्या मिडलसेक्स रुग्णालयात परिचारिका म्हणून दाखल झाल्या आणि तेथील व्याख्यानांना बसू लागल्या. त्यांची हुशारी सहाध्यायी तरुणांना सोसवेना, तेव्हा तक्रारी झाल्या आणि त्यांना बाहेर पडावे लागले. विद्यापीठांनी दारे लावून घेतली. उरली ती औषधविक्रेत्यांची जुनी संस्था, ‘सोसायटी ऑफ अपॉथेकरीज’. तिच्या सनदेत परीक्षार्थीसाठी ‘व्यक्ती’ हा शब्द होता, ‘पुरुष’ नव्हता. या एका शब्दाच्या आधारावर आणि वडिलांनी दिलेल्या कोर्टकचेरीच्या धमकीच्या जोरावर त्या परीक्षेला बसल्या आणि सप्टेंबर १८६५ मध्ये त्यांना वैद्यकी करण्याचा परवाना मिळाला. त्यानंतर लगेच संस्थेने नियम बदलून ती फट बुजवून टाकली. पुढल्या वर्षी त्यांनी सेमूर प्लेस येथे गरीब स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी दवाखाना उघडला. पहिल्याच वर्षी तेथे सुमारे ३,००० नवे रुग्ण आले. १८७२ मध्ये त्याच दवाखान्याच्या वर दहा खाटा मांडून ‘न्यू हॉस्पिटल फॉर विमेन’ सुरू झाले. उपचार करणाऱ्या सर्व डॉक्टर स्त्रियाच असतील, हा या रुग्णालयाचा दंडक होता. १८९० मध्ये ते यूस्टन रोडवरील मुद्दाम बांधलेल्या इमारतीत आले. तिचे वास्तुरचनाकार जॉन मॅकीन ब्रायडन. एलिझाबेथ यांची बहीण अॅग्नेस आणि चुलतबहीण ऱ्होडा यांनी गृहसजावटीची उमेदवारी केली ती याच ब्रायडन यांच्या हाताखाली. राजकृपा कोनशिलेपुरतीच होती, बाकी सारी खटपट नातलगांची, मैत्रिणींची आणि देणगीदारांची.

आता आनंदीबाई. त्या १८८३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या त्या अमेरिकेला. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी मार्च १८८६ मध्ये पदवी घेतली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या वारल्या. यूस्टन रोडची इमारत तेव्हा उभीसुद्धा नव्हती. आश्चर्य याचे वाटते, की ज्या मराठी स्त्रीचा या वर्तुळाशी खरा संबंध होता तिचे नाव मजकुरात नाही. बालपणी लावलेले लग्न नाकारल्याबद्दल ‘नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा’ असा निकाल १८८७ मध्ये ज्यांच्याविरुद्ध लागला, त्या रखमाबाई १८८९ मध्ये विलायतेला गेल्या आणि ‘लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन’मध्ये शिकल्या. त्यांना पाठबळ देणाऱ्या मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पेची या स्वतः स्त्रियांच्या वैद्यकशिक्षणासाठी एडिंबरात झगडलेल्या सात जणींपैकी एक. लंडनच्या त्या विद्यालयाच्या अधिष्ठाता १८८३ पासून १९०३ पर्यंत अँडरसनबाईच होत्या. येथेही नेमकेपणा राखायला हवा : विद्यालय आणि रुग्णालय या दोन वेगळ्या संस्था होत्या आणि विद्यार्थिनींचे प्रत्यक्ष शिक्षण मुख्यतः रॉयल फ्री रुग्णालयात होई. म्हणून ‘रखमाबाई यूस्टन रोडवर शिकल्या’ असा नवा मजकूर कोणी तयार करू नये. १८९४ मध्ये परवाना मिळवून त्या परतल्या आणि १८९५ पासून सुरतेत काम करू लागल्या.

मजकुरातील सर्वांत अन्यायकारक भाग म्हणजे संघटनेने रुग्णालय बळकावून बंद पाडल्याचा आरोप. संस्थापिकेच्या मृत्यूनंतर, १९१८ मध्ये, रुग्णालयाला तिचे नाव मिळाले. १९४८ मध्ये ते राष्ट्रीय आरोग्यसेवेत गेले. आणि १९७० च्या दशकात खर्चकपातीच्या काळात आरोग्य प्रशासनानेच ते बंद करायचे ठरवले. त्यावर नोव्हेंबर १९७६ मध्ये तेथील कर्मचाऱ्यांनी इमारतीचा ताबा घेतला. या ताब्याचे वैशिष्ट्य असे, की काम थांबवण्यासाठी तो घेतलेला नव्हता; काम चालू ठेवण्यासाठी होता. संप म्हणजे काम बंद, एवढेच समीकरण ठाऊक असलेल्याला हे उमगायला वेळ लागतो. रुग्ण दाखल होत राहिले, परिचारिकांच्या पाळ्या चालू राहिल्या, आणि दारावर पहारा राहिला तो रुग्णालय रिकामे करू पाहणाऱ्यांविरुद्ध. १९७९ मध्ये बंदीचा बेत मागे पडला. त्यानंतर आणखी सुमारे दोन दशके त्या वास्तूत रुग्णालय चालले, आणि मग ते हलवले गेले. मजकुरात जिच्यावर ठपका ठेवला आहे ती, आज त्या जागी असलेली युनिसन ही कामगार संघटना तर १९९३ मध्ये तीन संघटनांच्या विलीनीकरणातून जन्मली. त्यांपैकी दोघींच्या सभासदांत रुग्णालयांतील परिचारिका, स्वयंपाकी, सफाई कर्मचारी यांचा मोठा भरणा होता. तिने ही जागा घेतली ती रुग्णालय निघून गेल्यानंतर, इमारत ओस पडलेली असताना.

वारसा-नोंद असलेला जुना भाग राखून, त्याच्या बाजूने आपले नवे मुख्यालय बांधून, युनिसनने २०११ च्या सुमारास दर्शनी इमारतीत एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांच्या नावाचे दालन उघडले. तेथे प्रवेशशुल्क नाही, आणि या इमारतीची, तिच्या संस्थापिकेची व स्त्रियांच्या कामाच्या हक्कांची कथा तेथे सांगितलेली आहे. ‘तसबिरी मांडल्या’ असे हिणवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की ओस पडलेल्या वास्तूपुढे तेव्हा रुग्णालय की दालन असा पर्यायच नव्हता. खाजगी कार्यालये किंवा महागडे गाळे करून दर्शनी भिंत तेवढी शोभेला ठेवायची, ही तऱ्हा लंडनला नवी नाही आणि मुंबईलाही नाही. येथे निदान दार उघडे राहिले.

मग हळहळ कशाची? केवळ स्त्री-डॉक्टरांनी चालवलेले स्वतंत्र रुग्णालय ही व्यवस्था आज उरलेली नाही, याची. १९७६ मध्ये आंदोलकांचा एक मुख्य मुद्दाच हा होता, की पुरुष डॉक्टरपुढे तपासणीला जायला संकोचणाऱ्या बायका अशा जागी निःशंकपणे येतात. स्त्री-डॉक्टर आता सर्वत्र असल्यामुळे वेगळ्या रुग्णालयाची गरज संपली, हे उत्तर मला पुरते पटत नाही. बाई तपासायला असू शकते आणि बाईच असेल, या दोन आश्वासनांत फरक आहे. मजकूर लिहिणाऱ्याने हे गाऱ्हाणे मांडले असते तर त्याच्याशी वाद घालण्याचे कारण नव्हते.

परंतु रुग्णालय मेले, हे खरे नाही. दालनातून बाहेर पडून यूस्टन रोडने पश्चिमेकडे निघाले आणि डावीकडे वळले, की दहा-पंधरा मिनिटांत युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयाचा एक मोठा विभाग लागतो. २००८ पासून तेथे बाळंतपणे होतात, स्त्री-रोगांवर उपचार होतात, अपुऱ्या दिवसांची बाळे सांभाळली जातात, आणि विभागाचे नाव आहे ‘एलिझाबेथ गॅरेट अँडरसन विंग’.