पुढचा ब्रेक काढू नका, फ्रीव्हील वेल्ड करू नका

‘दोन हजारांत डोंगरी सायकल’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या कॉलेजच्या मुलांच्या ग्रुपांमधून फिरतोय. घरात धूळ खात पडलेली गिअरची सायकल घ्या, गिअर काढून टाका आणि एकाच गिअरची एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, तयार करा, एवढाच त्याचा गाभा असता तर मी स्वतः तो चार जणांना पाठवला असता. पण परवा भाच्याचा फोन आला, "मावशी, तुझ्या ओळखीत फ्रीव्हील वेल्ड करून देणारा कुणी आहे का?" फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र, पायडल थांबवलं तरी चाक फिरू देणारं. मग मी तो मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना असलं काही बिनदिक्कत सांगणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग आला.

मेसेजमध्ये सहा गोष्टी सांगितल्या आहेत. डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) काढून जुनीच चेन कापून छोटी करा. साध्या सायकलचं 48 दात्यांचं चेनव्हील (पायडलजवळचं मोठं दातेरी चक्र) लावा, कारण ‘जास्त दाते म्हणजे जास्त ताकद’. शॉकअप काढून साध्या सायकलचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) लावा. पुढचा ब्रेक काढून टाका, कारण माणूस त्यानेच पालथा पडतो आणि ‘अमेरिकेतल्या पहिल्या माउंटन बाइकना पुढचा ब्रेक नव्हताच’. फ्रीव्हील वेल्ड करा, म्हणजे पायडल उलट दाबून थांबता येईल आणि पुढे मागचा ब्रेकही काढता येईल. आणि शेवटी, या सायकलला पुन्हा कधी हात लावावा लागत नाही.

मी याच क्रमाने जाणार नाही. आधी वेल्डिंग, कारण त्याने माणूस मरू शकतो.

फ्रीव्हील चाकाच्या मधल्या भागावर, म्हणजे हबवर, आट्यांनी बसतं. पायडल मारताना चेन त्याला ज्या दिशेने ओढते, त्याच दिशेने ते आवळलं जातं. म्हणून ते बसवताना फार जोर लावावा लागत नाही, चार दिवस सायकल चालवली की आपोआप घट्ट होतं. आता त्याच्या आतले खटके वेल्ड करून बंद केले आणि उतारावर पायडल उलट दाबलं, तर जोर नेमका उलट्या दिशेने लागतो आणि तेच आटे सैल व्हायला लागतात. वेलोड्रोमवरच्या, म्हणजे सायकल शर्यतींच्या खास मैदानावरच्या, ट्रॅक सायकलींना फ्रीव्हील नसतं हे खरं, पण त्यांचा हबच वेगळा असतो. चक्राच्या आट्यांपलीकडे त्यावर दुसरे, उलटे आटे असतात आणि त्यांवर एक लॉकरिंग बसते. उलटा जोर आला की ती रिंग चक्राला सुटू देत नाही. आपल्या साध्या हबवर ती रिंग बसवायला जागाच नसते. म्हणजे या सायकलचा ‘ब्रेक’ मोकळ्या मैदानात दहा वेळा लागेल, आणि खऱ्या उतारावर पूर्ण जोर लावल्यावर हबवरून फिरून सैल होईल. तोवर मागचा ब्रेकही काढलेला असेल तर थांबायला काहीच उरणार नाही.

त्यात वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं ग्रीस जळतं, छर्रे आणि खटक्यांच्या स्प्रिंगा यांचं पाणी उतरतं. आणि समजा वेल्डिंग पक्कं झालं आणि आटेही धरून राहिले, तरी टेकडीवर ही सायकल चालवायची कशी? उतारावर आपण दोन्ही पायडल आडवे, एका पातळीत धरून उभे राहतो, ते खालच्या दगडांना लागू नयेत म्हणून. वेल्ड केलेल्या सायकलचे पायडल थांबतच नाहीत. खालचा पायडल दगडावर आपटला की मागचं चाक उचललं जातं.

आता पुढचा ब्रेक. या मुद्द्यावर लोक मेसेज नसतानाही चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले शेल्डन ब्राउन हे सायकल मेकॅनिक 2008 साली वारले, पण सायकल दुरुस्तीत काही अडलं की जगभरचे मेकॅनिक आजही त्यांनी लिहून ठेवलेलं उघडतात. एकाच गिअरच्या सायकलींचे ते मोठे चाहते होते, त्यामुळे त्यांना गिअरवाल्यांच्या बाजूचं म्हणून बाजूला सारता येणार नाही. ब्रेकबद्दल त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे: कोरड्या, चांगल्या रस्त्यावर सर्वांत कमी अंतरात थांबवतो तो पुढचा ब्रेक, आणि नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला दुप्पट अंतर लागतं. कारण साधं आहे. ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं होतं, जमिनीला धरून राहत नाही आणि घसरतं. चाक एकदा घसरायला लागलं की लिव्हर कितीही दाबा, त्याने वेग फारसा कमी होत नाही.

माणूस हँडलवरून पुढे का फेकला जातो, याचंही उत्तर त्यांनी दिलंय. सायकल थांबते, पण हात ढिले असल्यामुळे अंग पुढे जात राहतं. हात ताठ धरून, बूड सीटच्या मागे नेऊन, लिव्हर एकदम न आवळता हळूहळू दाबत नेला तर ब्रेक आपलं काम करतो. ही सवय लागायला चार-पाच संध्याकाळी पुरतात. सोसायटीच्या आवारात, सपाटीवर, चालण्याच्या वेगापासून सुरुवात करायची, मागचं चाक हलकं व्हायला लागलं हे अंगाला कळेपर्यंत दाबायचं आणि सोडायचं. ब्रेक काढून टाकण्यापेक्षा हे किती सोपं आहे!

‘पुढच्या ब्रेकने माणूस पडतो’ यात अर्धसत्य आहे आणि ते मला मान्य करावं लागतं. सुट्या मुरुमावर, ओल्या शेवाळलेल्या कातळावर, वळणात पुढचा ब्रेक जोरात दाबला तर पुढचं चाक घसरतं, आणि पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही. अशा जागी मागच्या ब्रेकवर जास्त भर द्यायचा, हे ब्राउनही सांगतात. पण पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून उतरताना सगळी वाट मुरुमाची नसते आणि खाली आलं की डांबरी रस्ता, रिक्षा आणि शाळेची पोरं असतात. सायकलींच्या सुरक्षिततेचं आयएसओ 4210 हे आंतरराष्ट्रीय मानक दोन स्वतंत्र ब्रेक मागतं, एक पुढच्या चाकाला आणि एक मागच्या. त्यात ‘हौशी लोकांनी घरी केलेली सायकल वगळून’ असं कुठे लिहिलेलं नाही.

राहिला अमेरिकेचा दाखला. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत सत्तरच्या दशकात काही तरुण 1930-40 च्या काळातल्या जाड टायरच्या श्विन कंपनीच्या जुन्या सायकली घेऊन टॅमलपाइस डोंगराच्या परिसरातले उतार उतरायचे. त्या सायकली एका गिअरच्या होत्या, बऱ्याचशा उलटं पायडल मारून लागणाऱ्या मागच्या ब्रेकच्याच होत्या. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण 1976 पासून तिथे ज्या उतारावर शर्यती झाल्या त्याला ‘रिपॅक’ हे नाव का पडलं, ते मेसेजवाल्याने वाचलेलं दिसत नाही. एका उतारात त्या मागच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, इंग्रजीत ‘रिपॅक’ करावं लागायचं, म्हणून ते नाव. आणि त्या मंडळींनी याला उपाय काय शोधला? पुढे-मागे दोन्हीकडे चांगले ब्रेक. त्यांच्यातल्याच गॅरी फिशरने आपल्या जुन्या सायकलला ड्रम ब्रेक लावले. जो ब्रीझने 1977 साली खास डोंगरासाठी फ्रेम बनवली तेव्हा तिच्या दोन्ही चाकांना कँटिलिव्हर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे, ब्रेक होते. जी गोष्ट त्यांनी अनुभवाने टाकून दिली, ती त्यांच्याच नावावर पोरांना परत विकायची, हे मला अजिबात पटत नाही.

फोर्कचा मुद्दाही इथेच निघतो. स्वस्तातल्या सायकलचा शॉकअप जड असतो, दोन पावसाळ्यांत गंजून आखडतो, तो काढून साधा कडक फोर्क लावणं चांगलंच. पण काळ्या साध्या सायकलचा फोर्क नको. त्यावर व्ही-ब्रेक (रिमला दाबणारे ब्रेक) बसवायचे खुंट नसतात, म्हणजे पुढचा ब्रेक लावायची सोयच जाते. शिवाय शॉकअपपेक्षा आखूड फोर्क लावला की सायकलचं नाक खाली जातं, हँडल जास्तच चपळ होतं आणि पायडल जमिनीच्या जवळ येतात. शॉकअपच्या उंचीचा, ब्रेकचे खुंट असलेला कडक एमटीबी फोर्क मिळाला तर घ्या. नाहीतर सध्या शॉकअपच राहू द्या.

‘जास्त दाते, जास्त ताकद’ हे नुसतं चुकीचं नाही, नेमकं उलटं आहे. पुढे 48 आणि मागे 18 दाते असले तर 26 इंची चाकाची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. तुमच्या सायकलचं मधलं चेनव्हील बहुतेक 34 च्या आसपास असेल. त्यावर मागे 20 दात्यांचं फ्रीव्हील लावलं तर तेच अंतर साडेतीन मीटर होतं. चढावर आपण ताशी 8 किलोमीटरने चाललोय असं धरा. पहिल्या जोडीत मिनिटाला जेमतेम 24 फेरे पडतात, दुसरीत 38. आणि त्याच चढाला पहिल्या जोडीत पायडलवर दीडपटीहून जास्त जोर द्यावा लागतो. हा सगळा जोर गुडघ्यांतून जातो. सपाटीवर दुसऱ्या जोडीने ताशी 17 च्या आसपास वेग मिळेल, त्यापुढे पाय नुसते फिरतील. टेकडीसाठी तेवढा वेग भरपूर झाला. 20 चं फ्रीव्हील मिळालं नाही तर 18 चालेल. तिन्ही चेनव्हील रिव्हेटने जोडलेली असली तर ती तोडत बसू नका, चेन मधल्यावर ठेवा.

जुनी चेन कापून लावायचं म्हणाल तर दोन अडचणी येतात आणि मेसेजमध्ये एकीचाही उल्लेख नाही.

पहिली अडचण रुंदीची. गिअरच्या सायकलची चेन अरुंद असते, आतून 3/32 इंच. साध्या सायकलच्या फ्रीव्हीलचे दाते जाड, 1/8 इंची चेनसाठी असतात. अरुंद चेन त्या दात्यांवर पूर्ण बसत नाही, वरच तरंगते. म्हणून नवी 1/8 इंची चेन घ्या, ती जाड आणि बारीक दोन्ही दात्यांवर चालते.

दुसरी अडचण ताणाची, आणि नवशिक्याची सायकल इथेच फसते. मागचं चाक ज्या खाचेत बसतं ती बघा. खाच मागे किंवा तिरकी उघडत असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. पण गिअरच्या बहुतेक सायकलींची खाच सरळ खाली उघडते आणि चाक मागेपुढे होतच नाही. चेन कड्यांच्या जोडीनेच कापता येते आणि लांबी एकदम एक इंच कमी होते, त्यामुळे चेन एकतर बसतच नाही किंवा लोंबते. लोंबणारी चेन उभं राहून चढ मारताना उडते, पाय एकदम रिकामा खाली जातो आणि माणूस दांड्यावर आपटतो. यावरचा फुकटातला उपाय म्हणजे काढलेला डिरेलर फेकून न देता तोच टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, म्हणून लावणं. केबल काढायची आणि त्याचे दोन छोटे स्क्रू फिरवून तो बरोबर फ्रीव्हीलखाली अडकवून ठेवायचा. दिसायला कसंतरी दिसेल, पण चेन ताठ राहील. खाच आडवी असेल तर चेन मधोमध बोटाने वरखाली करून बघा, साधारण सेंटिमीटरभर हलली पाहिजे. पायडल हळूहळू पूर्ण फिरवून बघा, कारण चेनव्हील अगदी गोल नसतं आणि कुठेतरी चेन जास्त आवळते. ताण त्या जागी तपासायचा.

मागून बघितलं तर चेन सरळ रेषेत दिसायला हवी. तिरकी दिसली तर एक्सलवरचे वॉशर एका बाजूचे दुसऱ्या बाजूला करून चाक सरकवता येतं, पण मग रिम फ्रेमच्या मधोमध राहत नाही. त्यासाठी चाक दुकानात नेऊन स्पोक आवळून रिम मध्यावर आणून घ्या आणि आउट, म्हणजे चाकाची डगमगही काढून घ्या. जुनं फ्रीव्हील उतरवायलाही खास पाना लागतो, तेव्हा दोन्ही कामं एकदमच होतील.

‘पुन्हा हात लावावा लागत नाही’ हेही अर्धंच खरं. गिअरची केबल ताणणं, वाकलेला डिरेलर सरळ करणं ही कटकट खरंच संपते आणि पावसाळ्याच्या चिखलात त्याचं सुख फार मोठं आहे. पण चेन झिजतेच. चेनच्या कड्यांची एक पूर्ण जोडी एक इंचाची असते, म्हणजे 12 जोड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. फूटपट्टी लावा. 1/16 इंच जास्त भरली तर चेन बदला. 1/8 इंच जास्त भरली तर चेनबरोबर दातेही गेलेले असतात.

आणि दोन हजारांचं काय? हाताशी सायकल असेल तर तेवढ्यात हे बसू शकतं, पण खर्चाची सुरुवात ब्रेकपासून करावी लागेल. दोन्ही चाकांचे नवे ब्रेक रबर, दोन्ही नव्या केबली, मग चेन, मग फ्रीव्हील, मग चाकाचं काम. रंग, नवं हँडल, चमकणारे पायडल हे सगळं पुढच्या महिन्यात.