‘शंभर टक्के नैसर्गिक’ तेलांच्या त्या निरोपाला उत्तर

पावसाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप हमखास फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: इसेन्शियल ऑइल (वनस्पतींपासून काढलेलं उग्र वासाचं तेल) शंभर टक्के नैसर्गिक, त्यामुळे साइड इफेक्ट शून्य. सकाळी कोमट पाण्यात लेमन ऑइलचे तीन थेंब घ्या, शरीर डिटॉक्स होतं. बाळाला सर्दी झाली तर नाकाखाली निलगिरी लावा. रात्रभर डिफ्युझरमध्ये (तेलाची वाफ खोलीत सोडणारं उपकरण) सिट्रोनेला हे गवताचं तेल ठेवा, डेंगीचा डास घरात फिरकत नाही. हे आपलं हजारो वर्षांचं आयुर्वेद आहे. फक्त तेल ‘थेराप्युटिक ग्रेड’चं, म्हणजे औषधी दर्जाचं, घ्या.

माझं औषधांचं दुकान आहे. हाच निरोप मोबाइलवर दाखवत लोक काउंटरवर विचारतात, “यातलं कुठलं आहे तुमच्याकडे?” गिऱ्हाईक परत पाठवणं धंद्याच्या हिशेबात बसत नाही, पण या निरोपातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य खोडून काढण्याच्या लायकीचं आहे.

‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ या पहिल्याच वाक्याला फार वेळ द्यायची गरज नाही. रस्त्यांच्या दुभाजकांवर फुललेली कण्हेर नैसर्गिकच असते, आणि धोत्राही. खरा मुद्दा तीव्रतेचा आहे. गुलाबाचं एक किलो तेल काढायला साधारण तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात. झाडात जे चिमूटभर असतं, ते बाटलीत गच्च भरलेलं असतं. पुदिन्याची चटणी खाणं वेगळं आणि पेपरमिंटचं तेल चमच्यात ओतणं वेगळं.

लेमन ऑइलच्या पाण्याचं म्हणाल, तर एक प्रयोग घरी करून बघा. गणपतीच्या जुन्या मखरातला थर्माकोलचा तुकडा माळ्यावर कुठेतरी सापडेलच (बंदी 2018 साली आली, माळे अजून रिकामे झालेले नाहीत). त्यावर संत्र्याच्या तेलाचे दोन थेंब टाका. थर्माकोल आक्रसतो, चिकट होतो आणि तिथे खळगा पडतो. हे काम लिमोनीन या रसायनाचं. संत्र्याच्या तेलात ते नव्वद टक्क्यांहून जास्त असतं आणि लिंबाच्या सालीच्या तेलातही तोच मुख्य घटक. आता तेच तेल प्लॅस्टिकच्या बाटलीतल्या पाण्यात रोज घालून प्यायचं म्हणजे काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

शिवाय तेल पाण्यात विरघळत नाही. थेंब वर तरंगतात आणि पहिल्याच घोटाबरोबर तसेच्या तसे ओठांना, घशाला लागतात. अंघोळीच्या बादलीत थेंब टाकणाऱ्यांचंही हेच होतं, पहिल्या तांब्यातच तेल थेट अंगावर. आणि ज्यासाठी लिंबू प्यायचं ते क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं, म्हणून ते रसात असतं. सालीच्या तेलात ते नसतंच. डिटॉक्सचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करत असतात, त्यांना या तेलाची मदत लागत नाही. उलट ते तेल बाहेर टाकायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडतं. लिंबू पिळा, चिमूटभर मीठ घाला आणि प्या. खर्चही कमी.

आता बाळ आणि निलगिरी. या एका मुद्द्यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही. निलगिरीचं तेल पोटात गेलं तर लहान मुलाला पाच मिलिलिटरही, म्हणजे एक लहान चमचाही, गंभीर विषबाधा करू शकतं. झटके येतात, मूल बेशुद्ध पडतं, आणि हे काही मिनिटांतही सुरू होऊ शकतं. हे मुद्दाम कोण पाजतं, असं वाटेल. बाटल्या बघा: तीच तपकिरी काच, तेवढीच उंची, तेच पांढरं झाकण. रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत, मंद दिव्यात कफ सिरपच्या शेजारची बाटली हातात यायला कितीसा वेळ लागतो? म्हणून ही तेलं औषधांच्या डब्यात ठेवूच नका. कुलपात ठेवा.

तेल नुसतं नाकाखाली लावणंही तान्ह्या बाळाला धोक्याचंच. मेंथॉल, कापूर, निलगिरी यांच्या उग्र वासाने घशाचे स्नायू आवळले जाऊन श्वास अडखळू शकतो. सर्दीच्या बामच्या डबीवर दोन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, असं बारीक अक्षरात छापलेलं असतं ते उगाच नाही. कापराबाबत तर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने 1983 सालीच अंगाला लावायच्या औषधांत अकरा टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे आरतीच्या कापराच्या वड्या देवघरात खालच्या कप्प्यात असतात, नेमक्या रांगणाऱ्या मुलाच्या उंचीला. बाळाचं नाक चोंदलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून सलाइनचे थेंब घाला. साध्या मिठाच्या पाण्याचे ते थेंब, पण उपयोगी.

चुकून तेल प्यायलं गेलंच तर उलटी करवू नका, कारण ते फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. दूध, तूप असलंही काही देऊ नका. 108 ला फोन करा किंवा सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, आणि बाटली सोबत न्या. ती बघून डॉक्टरांचा अर्धा तपास होतो.

‘पण वास घेतल्यावर मोकळं वाटतं की!’ वाटतंच. मेंथॉलमुळे नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवलं जातं, आणि मेंदूला हवा जास्त येतेय असं वाटतं. प्रत्यक्षात वाट तेवढीच चोंदलेली असते. 2021 च्या दुसऱ्या लाटेत कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीची पोटली हुंगली की ऑक्सिजन वाढतो म्हणून असाच निरोप फिरला होता. ज्या दिवसांत लोक बेडसाठी वणवण फिरत होते, त्या दिवसांत. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

डेंगीचा मुद्दा तर स्वतःच्याच पायांवर कोसळतो. डेंगी पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, मुख्यतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. रात्रभर डिफ्युझर चालवून राखण कुणाची केली? सिट्रोनेलाचा परिणाम होतो, पण तो फार वेळ टिकत नाही. बंद खोलीत रात्रभर वाफ सोडत राहिलं तर डासांआधी घरातल्या दमेकऱ्याला त्रास होतो. मांजर असेल तर तिलाही, कारण या तेलांतले कित्येक घटक निकामी करण्याची यंत्रणा तिच्या यकृतात फार दुबळी असते. टी ट्री नावाच्या झाडाचं तेल तर तिच्यापासून लांबच ठेवा. डेंगी थांबवायचा असेल तर फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरची टाकी बघा. डासांची पैदास सापडली की महापालिका सोसायटीला नोटीस देते, तेव्हा कुणी डिफ्युझर दाखवून सुटत नाही.

आयुर्वेदाचं नाव घेणाऱ्यांनी निदान आयुर्वेदाकडे तरी नीट बघावं. नारायण तेल, अणुतेल ही औषधी काढ्यात आणि कल्कात, म्हणजे वाटलेल्या वनस्पतींच्या लगद्यात, तिळाचं तेल शिजवून सिद्ध केलेली असतात. बाटलीतल्या, वाफेवर काढलेल्या (ऊर्ध्वपातित) अर्काशी त्यांचा संबंध नाही. अणुतेल नाकात घालतात म्हणून टी ट्री घालायचं नसतं. ‘अरोमाथेरपी’ हे नाव रेने-मॉरिस गातफॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने 1937 साली रूढ केलं. एक काकू म्हणाल्या, “अहो, पण आमच्याकडे अमृतधारा असायची!” असायचीच. कापूर, ओव्याचं फूल आणि पेपरमिंट, तीन कोरडे खडे एका बाटलीत ठेवले की आपोआप पाणी होतात. पण ती बत्ताशावर थेंबभर, मोठ्या माणसाला आणि क्वचितच. फळीही वरची असायची.

मग ही तेलं टाकून द्यायची का? मुळीच नाही. लॅव्हेंडरच्या वासाने बरं वाटतं, झोपेआधी अर्धा तास, खिडकी किलकिली ठेवून डिफ्युझर लावायला हरकत नाही. मोठ्या माणसाच्या अंगाला लावायचं तर तीस मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. लिंबू किंवा बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचं तेल लावून त्या दिवशी उन्हात जाऊ नका, त्वचा भाजल्यासारखी होते आणि डाग राहतात. टी ट्री किंवा लिंबाचं तेल जुनं झालं, वास बदलला, की फेकून द्या, कारण हवेने बिघडलेल्या तेलाची ॲलर्जी लवकर येते. गरोदरपण, दमा, फिट्सचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

राहता राहिला ‘थेराप्युटिक ग्रेड’. अशी श्रेणी कुठलंही सरकारी खातं देत नाही. हा शब्द विकणाऱ्यांनी काढला आणि विकणाऱ्यांनीच छापला. रविवार पेठेत जा किंवा ऑनलाइन मागवा, लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बॅच नंबर आणि तारीख आहे का बघा. आणि दहा मिलिलिटर चंदनाचं तेल दोनशे रुपयांत मिळत असेल, तर त्यात चंदन नाही.