पोरक्या पोराचे पालक व्हायचंय? आधी सातबारा शोधा

भाऊ-वहिनी गेले, पुतण्या नऊ वर्षांचा. त्याच्या नावावर विम्याचे पैसे आणि भावाने स्वतः घेतलेली कलमांची बाग. अशा पोराला नुसतं पोटाशी धरून घरी आणतात ते भाबडे. शहाण्याने कोर्ट गाठावं.

१८९० चा पालक व पाल्य कायदा त्यासाठीच आहे. कलम ३४ म्हणतं, कोर्टाने मागितलं तर मालमत्तेच्या पालकाने बंधपत्र लिहून द्यावं: हाती येईल त्याचा चोख हिशेब देईन. जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय. 'शिवाय' वाचून हुरळू नका.

जामीनदार निवडताना माणूस बघू नका, सातबारा बघा. तोही एकट्याच्या नावाचा. कोकणात! आमचा शेजारी बिचारा तयार झाला, तर त्याच्या सातबाऱ्यावर सव्वीस नावं. अर्धी नालासोपारा-विरारला, चार स्वर्गात, एक बोरिवलीत, पण तो १५ वर्षं बोलत नाही. ऐपतीच्या दाखल्याला कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, "सगळ्यांच्या संमत्या आणा." मयतांच्या? "वारस लावून घ्या." वारस लावायला तलाठी, तलाठ्याकडे तीन गावं, आणि तो नेहमी उरलेल्या दोन गावांत. सहा फेऱ्या झाल्या. बाहेरचा चहावाला आता विचारत नाही, बिनसाखरेचा पुढे करतो.

पावत्या जपा. गणपतीत पोराला घेतलेल्या शर्टाचीसुद्धा.

कोर्टाने सांगितलं तर नेमणुकीपासून ६ महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची.

बाग विकायचं मनातही आणू नका. कलम २९ प्रमाणे कोर्टाच्या परवानगीशिवाय विक्री नाही, गहाण नाही, ५ वर्षांवर भाडेपट्टा नाही.

नातेवाइकांना जरूर विचारा. मित्राच्या होडीच्या कर्जाला डोळे मिटून सही केलेले आमचे मामा 'जामीन' ऐकताच चष्मा शोधू लागले.

बंधपत्र नको असं मी म्हणत नाही. पोरक्यांचे पैसे सख्ख्यांनीच खाल्लेली घरं मी पाहिलीत. पण यंदा त्याच बागेतला आंबा परस्पर उतरवून नेला त्या चुलतभावाला कोणी दाखला मागितला? त्याची ऐपत कोणी मोजली? दाखले फक्त सरळ वाटेने जाणाऱ्याला!

आणि तुम्ही. बाराव्याला पंगतीत बसून हात धुताना म्हणालात ना, "काही लागलं तर सांग हां"? लागलंय. पैसे नकोत, एक सही हवी, तीही तुमच्याच रक्ताच्या पोरासाठी. लाज वाटत असेल थोडी तरी, तर फोन उचला.